चौथ्या बाजूचा पडदा

बाईंच्या घरात मान होता तो उलट्या बाजूला. भाड्याची खोली बघायला मी पहिल्यांदा अमरावतीच्या राजापेठेतल्या त्या घरी गेले, तेव्हा त्यांनी ना माझं आडनाव विचारलं, ना गाव. पुढे आल्या, माझ्या कुर्त्याची कड उचलली, आतली शिवण बोटानं चाचपली आणि म्हणाल्या, "मशीनची हाये, पण दोरे कापेल हायेत. राह्य बाप्पा तू."

मी नांदगाव पेठेच्या एका कपड्यांच्या कारखान्यात चेकिंगला होते. तयार शर्ट उलटे करून सुटलेले टाके शोधायचे, हेच माझं पोटापाण्याचं काम. पण ते मी त्यांना अजून सांगितलंही नव्हतं. मला वाटलं, चला, उलट्या खोपडीच्या दोन बाया एका छपराखाली आल्या. ही गंमत पुढे बरेच दिवस टिकली.

बाई मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या. उंच, काटकुळ्या, आणि अंगावर नेहमी पोपटी नाहीतर किरमिजी पातळ. त्या वयाच्या बायका पांढरट, फिकट नेसतात. बाईंना ते चालत नसे. "पांढरं कामाचं असते, आंगावर घ्याचं नसते," असं त्या म्हणत. लग्नाला गेल्या की नवरीकडे बघायच्याच नाहीत, तिच्या शालूचा पदर उलटा करून बघायच्या. ओळखीच्या बायका त्यांना येताना पाहिलं की पदर कमरेला खोचून घेत. गल्लीतून ट्यूशनला जाणाऱ्या एखाद्या पोरीची गाडी थांबवून तिच्या ओढणीचा लोंबता दोरा दातानं तोडून देत, आणि मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून गल्ली डोक्यावर घेतली तरी ढिम्म हलत नसत. भाजीवालीकडे पालकाची जुडी घेतली तरी आधी पान उलटं करायच्या. "सुलटी बाजू लोकाईसाठी असते वं," त्या मला म्हणत, "खरं काय थे मांगं लिहेल असते."

आतल्या खोलीत त्यांचा पलंग होता. चार खांबांचा, सागवानी, आणि त्याच्या तीन बाजूंना छतापासून खालपर्यंत मलमलीचे पडदे. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला ते साधे पांढरे पडदेच वाटले, आणि खरं सांगायचं तर जुने, पिवळट. मग दुपारी उन्हं कलली. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आडवं आलं आणि त्या पांढऱ्यातून दुसरं पांढरं वर आलं. वेली, पानं, कळ्या, पुन्हा वेली. पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याचं भरतकाम. ऊन सरलं तसं सगळं परत कापडात बुडालं. माझ्या अंगावर काटा आला, हे मी तेव्हा बाईंपासून लपवलं.

चौथी बाजू, दाराकडची, उघडी होती.

मी राहायला आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात कपडे वाळवायचा स्टँड त्या उघड्या बाजूला नेऊन ठेवला. बाई बाहेरून आल्या, स्टँड बघितला आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, त्यांना चक्कर येतेय. ओले कपडे त्यांनी फरशीवर फेकून दिले. "तिच्या वाटंत काहून ठेवलं? सांग ना, काहून ठेवलं तिच्या वाटंत?" मी म्हटलं, कुणाच्या वाटेत? त्या स्टँड उचलून बाहेर ठेवून आल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या. मला भयंकर राग आला होता. माझे कारखान्यात घालायचे कपडे होते ते.

संध्याकाळी त्यांनी स्वतःच चहा करून आणला आणि सांगितलं.

बाईंची आई लहानपणी मिशनच्या शिवणवर्गात हे काम शिकली होती. तिनं ते आपल्या दोन मुलींना शिकवलं, बाईंना आणि त्यांच्या थोरल्या बहिणीला. तेव्हा अकोल्याकडे कापसावर मोठी झालेली घरं मुलीच्या लग्नात असा पडद्यांचा पलंग द्यायची. भरणाऱ्या बायकांना घरीच बोलावून घ्यायचे, महिनोन् महिने ठेवून घ्यायचे. पलंग कुणी दिला हे सगळ्या गावाला ठाऊक असे. भरला कुणी, हे कुणी विचारत नसे. आणि त्या भरणाऱ्या बायकांत एक रीत होती. तीन बाजू एकीनं भरायच्या, चौथी बाजू दुसरीनं.

"काहून?" मी विचारलं.

"चारी बाजू एकाच हाताच्या झाल्या तं त्या बाईले भायेर याले दार नाई राहत."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? अंदरच राह्यते थे." त्या हे इतक्या सरळपणे बोलल्या की मी हसायचं विसरले.

बाई चौदा वर्षांच्या असताना दोघी बहिणी अकोल्याच्या अशाच एका घरी बसल्या. ताईनं तीन बाजू भरून संपवल्या. चौथी बाईंची होती. त्यांनी खालचा कोपरा भरला, थोडी वर सरकल्या, आणि कंटाळल्या. इकडे अमरावतीत शाळेत नाव घालायचं घाटत होतं. "आठ दिवसानं येतो म्हणून सांगितलं मी ताईले. सुई पानात तशीच टोचेल ठेवली. आन् गेलीच नाई परत." पुढे तिकडे ताप आला आणि ताई त्या घरातच गेली. तिकडच्या तिकडेच तिचं सगळं उरकलं. निरोप आला त्यातच हेही होतं की काम पुरं झालं आहे, चारी पडदे पलंगाला लागले आहेत.

"मंग चौथा भरला कोणं?" बाई मला विचारत होत्या, जणू मी तिथे होते. "दुसरी बाई आणली का तिनंच भरला? तिनंच भरला असन तं थे अंदर हाये, आन् माह्यापायी हाये."

बाईंनी लग्न केलं नाही, कुठे यात्रेला गेल्या नाहीत, बदली घेतली नाही. सगळं आयुष्य हा एक प्रश्न. पुढे त्या घराच्या वाटण्या झाल्या, सामान फुटलं, आणि जुन्या वस्तू विकणाऱ्या एकाकडून तीन पडदे फिरत फिरत अमरावतीला आले. बाईंनी ते बोटांनी ओळखले. चौथा वेगळ्या वाटेनं गेला होता. तो मिळेपर्यंत ती बाजू उघडी ठेवायची, ताई आत असेल तर तिला निघता यावं म्हणून. त्यापायी अमरावतीचे डास त्यांना चौथ्या बाजूनं येऊन फोडून खायचे. मी एकदा म्हटलं, निदान जाळी लावू. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जाळीचा विषय मी परत काढला नाही.

ताईचा हात कसा ओळखायचा, हे त्यांनी मला शिकवलं. दोरा संपला की बाकीच्या बायका तो टाक्यांखालून सरकवून कापून टाकतात. ताई कापत नसे. शेवटचा दोरा उलट्या बाजूला असा काही फिरवून दाबायची की तिथे एक बारीक गोल दाणा उठायचा. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतो. बाई त्याला ताईची मोहरी म्हणत. तिन्ही पडद्यांवर त्यांनी माझं बोट धरून फिरवलं आणि दर वेलीच्या शेवटी ती मोहरी मला लागली. "मले नाई जमली कधी," त्या म्हणाल्या. "लय डाव करून पाह्यलं. माहा दोरा आपला कैचीनं कापेल."

बाईंचा स्वतःचा हातही मी ओळखायला लागले होते. पन्नाशीच्या सुमाराला शाळेच्या लोखंडी कपाटाच्या दारात त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी सापडली आणि वाकडी बसली. तेव्हापासून पानाच्या देठाशी त्यांना सुई डावीकडे वळवता येत नसे. दोरा उजवीकडून फिरवून आणायला लागे, आणि मागच्या बाजूला दर देठाशी एक तिरपा धागा पडे. शेजारच्या बाळाचं दुपटं असो की माझा रुमाल, मागे तो तिरपा धागा असायचाच. "माहा हात आता लंगडते," त्या चिडून म्हणत. कारखान्यात तसा नग माझ्या टेबलावर आला असता तर मी नापास केला असता. पण एवढं नक्की, की तो धागा हजारांतून मी उचलून दाखवला असता.

आता त्यांच्या झोपेबद्दल सांगते, कारण मला भीती वाटायला लागली ती तिथून.

बाई दुपारी झोपत. माझ्या सुट्टीच्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं. त्या उताण्या पडलेल्या, डोळे घट्ट मिटलेले, आणि उजवा हात चाललेला. खाली जाई, वर येई, दोरा ओढल्यासारखा बाजूला लांब जाई, परत खाली. डावा हात पोटावर कापड ताणून धरल्यासारखा. झोपेत बरळणारी माणसं मी पाहिली आहेत, आमचा काका तर झोपेत बैल हाकतो. म्हणून मी हसले आणि जागं झाल्यावर त्यांना सांगितलं, "बाई, झोपेत ओव्हरटाइम करून राहिल्या तुमी." त्याही हसल्या. मग त्यांनी डावा अंगठा चोखला. मी तो ओढून बघितला. टोकावर रक्ताचा ताजा ठिपका होता, सुई टोचल्याचा.

आमच्या धंद्यात सुई ही चेष्टेची गोष्ट नाही. मशीनवर सुई तुटली तर तिचा कण न् कण सापडेपर्यंत पुढचं काम थांबतं. मी दुसऱ्या दिवशी कारखान्यातून लोहचुंबक आणला आणि बाईंचा सगळा पलंग पालथा घातला. गादी, उशी, चादरीच्या कडा, फरशीच्या फटी. काही नाही. पुढच्या सुट्टीला परत बघितलं. अंगठ्यावर परत ठिपका, आणि पलंगात परत काही नाही.

"जुनं दुखणं हाये थे," बाई म्हणाल्या. "शाळेत होती तवापासून हाये. निजली का टोचते." मी डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणाल्या, "डाक्तरले काय सांगू? सपनात सुई लागली म्हणून?"

मी टेप, ट्यूबलाइट आणि चुंबकावर विश्वास ठेवणारी बाई. त्यानंतर मात्र सुट्टीच्या दुपारी मी माझ्या खोलीचं दार लोटून घ्यायला लागले.

आमचं घर पातूरकडचं, फुलाभाज्यांचं. मागल्या हिवाळ्यात चुलतबहिणीचं लग्न होतं, झेंडू घरचाच, मांडव आणि स्टेज अकोल्याच्या एका बिछायत केंद्राचं. मी पोचले तेव्हा नवरा-नवरी खुर्च्यांवर बसली होती आणि मागे एक मोठा पांढरा पडदा सोडला होता. त्यावर जांभळे दिवे मारलेले. बाकी कुणाला त्यात काही दिसलं नसतं. दिवा बाजूनं पडत होता म्हणून मला वेल दिसली. तीच वेल. तीच तीन पानांनंतर एक कळी.

मी पैठणी सावरत स्टेजच्या मागे शिरले आणि पडदा उलटा केला.

"काय करून राहिली वं तू तठी?" माझी काकू समोरून ओरडली. "फोटोत तुहे पाय येऊन राह्यले!"

मी पाय आत ओढून घेतले. माझ्या डोळ्यांसमोर, कापडाच्या मध्याच्या थोडं वर, पानांच्या देठांशी तिरपा धागा होता. दर देठाशी. मी हात लावला. दोरा कापडाइतकाच जुना, पिवळा पडून कापडात रुतलेला. पडदा साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचा, आणि बोट सापडलं पन्नाशीत. फोटोग्राफरनं मला दंडाला धरून बाहेर काढलं. लग्नात मग मी काय जेवले, कुणाशी बोलले, मला आठवत नाही.

बाईंना सांगावं की नाही यावर मी दोन रात्री घालवल्या. न सांगणं म्हणजे त्यांच्या तोंडचा घास पळवण्यासारखं होतं. शेवटी एवढंच म्हटलं, "बाई, चौथा पडदा दिसला मले. अकोल्याच्या बिछायतवाल्याकडं हाये."

त्या पोळी लाटत होत्या. लाटणं हातात तसंच राहिलं. "मोहरी होती?" त्यांनी विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "नोको सांगू. माह्या हातानं पाह्यतो."

एसटीनं गेलो. मूर्तिजापूरला मी त्यांना केळी घेऊन दिली, ती अकोल्यापर्यंत मांडीवर तशीच होती. बिछायत केंद्राचं गोडाऊन म्हणजे गाद्या, लोड, कारपेट आणि सोनेरी खुर्च्यांचा डोंगर. मालक गोल, हसरा माणूस. त्यानं पडदा काढून दिला आणि दोरीवर टाकला.

"आमच्या आजाच्या टायमाचा हाये थो, मावशी. कोन्या मोठ्या घरून आला होता," तो सांगत होता. "अजब चीज हाये पण. दरसाली धुयाले काढला का येगळाच वाटते. आमची बायको म्हणते नक्षी वाढून राह्यली. मी म्हणतो, नक्षी काय भोपळ्याचा येल हाये का वाढाले?" आणि तो जोरात हसला. आम्ही दोघीही हसलो नाही, तेव्हा तोही थांबला.

बाईंनी हात धुवायला पाणी मागितलं. पदराला हात पुसले, डोळे मिटले, आणि पडद्याच्या मागे जाऊन खालच्या कोपऱ्यापासून बोटं फिरवायला लागल्या.

"हे माहं," त्या म्हणाल्या. "चवदा वर्साची होती. पाह्य कसा उतावळा हात हाये." बोटं वर सरकली. मग एका पानावर थांबली. "अठून उठली मी. हे पान अर्धं सोडलं होतं."

त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. इथून पुढे मोहरी लागणार, किंवा कुणा परक्या बाईचा हात लागणार, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. एवढ्यासाठी त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. बोट पानाच्या दुसऱ्या अर्ध्यावर गेलं. पुढच्या पानावर. त्याच्या पुढच्या. त्यांनी मागे येऊन परत चाचपलं.

"मोहरी नाई," त्या पुटपुटल्या. "परका हातही नाई. हे तं..." आणि बोटं भराभर वर चालू लागली. "हे शाळेत लागली तवाचं. सरळ सरळ, पोरीईले शिकवाले काढतो तसं. अठी माय गेली. दोरा पाह्य किती आवळला. अठी..." तिरप्या धाग्यापाशी हात थांबला. त्यांनी डोळे उघडले, आपली वाकडी तर्जनी समोर धरली आणि तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग परत वर. वरचे टाके मोठे होत गेले होते, थरथरते, एकमेकांपासून सुटे. गेल्या दोन-चार वर्षांतला बाईंचा हात तसाच झाला होता. त्यांना पोचेना, म्हणून मालकानं पडदा खाली घेऊन दिला. अगदी वरच्या टोकाला एक पान निळ्या रेघेनं नुसतं काढलेलं होतं. भरायचं राहिलं होतं.

बाई गाद्यांच्या ढिगावर बसल्या.

"मी उठलीच नाई वं," त्या म्हणाल्या. "मी तिले सोडून गेलीच नाई. मी बसेलच होती."

त्या रडत होत्या आणि त्यांचा चेहरा एखाद्या मुलीसारखा झाला होता. मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटली ती भीती, निव्वळ भीती. मी मनातल्या मनात शंभर कारणं लावून पाहिली आणि एकही त्या तिरप्या धाग्याला पुरेना. मालक आता हसत नव्हता. त्यानं पडद्याची घडी केली, बाईंच्या हातात दिली आणि म्हणाला, "घेऊन जा मावशी. तुमचाच हाये. मले नोको आता गोडाऊनात."

घरी आणला तरी बाईंनी तो टांगला नाही. पुरा झाल्याशिवाय चौथा पडदा टांगत नसतात, तीही रीत; त्या मोठ्या घरानं ती मोडून अर्धाच टांगला आणि पुरा झाला म्हणून खोटा निरोप धाडला, असं बाई म्हणाल्या. मी म्हटलं, मग भरा ना ते एक पान, किती वेळ लागतो? तर म्हणाल्या, "जागेपणी भरला तं थो येगळाच हात होईन." घडी पलंगाशेजारच्या खुर्चीवर ठेवली. मी रोज कामावरून आले की हात धुऊन ते पान बघायची. कोरं. निळी रेघ तेवढी. दुपारी बाई झोपत, हात चाले, अंगठ्यावर ठिपका येई, आणि पान कोरंच. मला हायसं वाटे. वाटे, अकोल्याला आपण दोघींनी भुलून काहीतरी भलतंच बघितलं.

बाई मात्र बदलल्या होत्या. ताईच्या खोड्या सांगत, ताई चिंचा कशा चोरायची, सुईत दोरा ओवताना जीभ कशी बाहेर काढायची. त्यांचं ओझं उतरलं होतं. पण एक उरलं होतं आणि ते त्या भाजी निवडताना, केस विंचरताना, कधीही विचारत.

"मी होती, हे मले समजलं. पण तिले मालूम असन का वं? पडद्याच्या दोन बाजूले दोघी बसल्या, तं एकमेकीचं तोंड नाई दिसत. थे तं समजत असन, का मी गेली."

मी म्हणायची, "असन ना बाई, मालूम असन." त्या माझ्याकडे बघत आणि त्यांना कळे की मी नुसतं बोलायचं म्हणून बोलतेय.

उन्हाळा लागला. माझ्या सुट्टीचा दिवस होता. दुपारी बाई झोपल्या, मी माझ्या खोलीत. ऊन कललं तेव्हा उठून चहा टाकला आणि हाक मारली. ओ आली नाही. आत गेले तर तिन्ही पडद्यांवरच्या वेली वर आल्या होत्या आणि बाई मधे उताण्या पडल्या होत्या. हात चालत नव्हता. दोन्ही हात छातीवर होते, काम झाल्यावर ठेवावेत तसे. मी कपाळाला हात लावला आणि मला समजलं.

मला मोठ्यानं रडू आलं. भाडेकरूला घरमालकिणीसाठी येतं त्याहून पुष्कळ जास्त. मग नाक पुसलं, हात धुतले आणि खुर्चीवरची घडी उलगडली, कारण ते बघितल्याशिवाय मला कुणाला बोलावणं शक्य नव्हतं.

पान भरलेलं होतं. मोठे, थरथरते टाके, काही रेघेबाहेर गेलेले. मी उलटं केलं. देठाशी तिरपा धागा होता. दोरा कापडासारखाच जुना, पिवळा. चुंबक कपाटातच होता. मी तो काढला नाही. दोरा जिथे संपला होता तिथे मी कैचीनं कापलेलं टोक शोधत होते, बाईंचं. ते नव्हतं. मी बोट फिरवलं.

बोटाला मोहरी लागली.

मी परत परत फिरवून बघितलं. मग पलंगापाशी गेले, बाईंचं ते वाकडं बोट धरलं आणि त्या दाण्यावर टेकवलं. "बाई," मी म्हटलं, "तिले मालूम हाये. तिनंच संपवला दोरा."

खुर्चीवर चढून मी चौथा पडदा त्याच्या जागी टांगला, खालची कड सरळ केली, आणि शेजारच्यांना बोलवायला बाहेर गेले.